शून्य बाइट्सची फाइल : दूध संकलन यंत्राच्या प्रकल्प नोंदी

१४ मे २०२४

सकाळी साडेसहाला शिरोळ तालुक्यातल्या एका केंद्रावरून सचिव अण्णांचा फोन. "साहेब, मशीन समद्यांना शून्य रुपये दर लावतंय बघा. म्हशीच्या दुधालाबी शून्य. लोकं पावत्या नाचवत उभी हायत दारात." काल संध्याकाळी वळीव झाला होता. तीनदा लाइट गेली-आली, चौथ्यांदा गेली ती रात्री अकराला आली. सकाळी यंत्र मात्र नेहमीसारखं सुरू झालं. स्क्रीन आली, काटा जोडला गेला, फॅट मशीनही बोलायला लागलं. फक्त दरपत्रक गायब.

फोनवर सांगून केंद्रावरच्या जादा कार्डावर दर पुन्हा भरून घेतले. दहा मिनिटांचं काम. पण असं होण्याची ही तिसरी वेळ आहे. आधी दोन केंद्रांवर हेच झालं तेव्हा "कार्ड खराब" म्हणून कार्ड बदललं आणि मोकळे झालो. आता तसं मोकळं होता येणार नाही.

पुढे कुणी ही वही वाचली तर कळावं म्हणून: आमचा डबा म्हणजे एक छोटा बोर्ड कॉम्प्युटर, त्यात एसडी कार्ड, त्यावर लिनक्स आणि ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम (कार्डावर फाइली कुठे-कशा मांडायच्या ते सांभाळणारी व्यवस्था), वर पायथनमधला आमचा प्रोग्राम. काटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर जोडलेले. जपायच्या गोष्टी दोनच, दरपत्रक आणि सभासदांच्या रोजच्या नोंदी.

१५ मे

अण्णांनी कार्ड गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. दुपारी हातात आलं. (केंद्रावर एक जादा कार्ड ठेवलेलं असतं, त्यावर काम चालू आहे.)

कार्ड लॅपटॉपला लावून थेट उघडण्याचा मोह आवरला. रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, माउंट केलं (जोडून उघडलं) तरी ईएक्सटी-४ आधी जर्नल चालवून घेते, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल आपल्या नोंदवहीवरून पुरे करते, म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. नोलोड पर्याय दिला तर ते थांबतं. तरीही आधी अख्ख्या कार्डाची प्रत काढली आणि प्रतीवरच काम केलं.

आत दरपत्रकाची फाइल आहे. नाव बरोबर, मालक बरोबर, परवानग्या बरोबर, वेळ परवा संध्याकाळची. आकार शून्य. एफएससीकेला, म्हणजे फाइल सिस्टिम तपासणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं तर तो म्हणतो सगळं स्वच्छ. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे, शून्य बाइट्सची फाइल ही पूर्ण कायदेशीर फाइल असते.

इथेच आमची पहिली चूक होती. "जर्नल असलेली फाइल सिस्टिम आहे, वीज गेली तरी काही होत नाही" हे वाक्य मी स्वतः दोन केंद्रांवर ऐकवलेलं आहे. जर्नलला मराठीत आयता शब्द आहे, रोजकीर्द. खतावणीत मांडण्याआधी व्यवहार रोजकीर्दीत उतरवायचा, मध्येच दिवा गेला तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करायची. १९९३च्या ईएक्सटी-२मध्ये ही सोय नव्हती. मशीन अवचित बंद पडलं की एफएससीके सगळी डिस्क पहिल्यापासून तपासत बसायचा आणि मोठ्या डिस्कवर माणूस चहा पिऊन, जेवून यायचा. नोव्हेंबर २००१मध्ये लिनक्स २.४.१५बरोबर ईएक्सटी-३ आली आणि ते बसणं संपलं. पण नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये या रोजकीर्दीत काय उतरतं? फाइलचं नाव, आकार, कुठले ब्लॉक कुणाला दिले. फाइलच्या पोटातला मजकूर नाही. घराचा सातबारा शाबूत, घरात सामान आहे की नाही याची हमी सातबारा देत नाही.

१७ मे

संशयित सापडला असं वाटलं, पण नाही.

२००९च्या सुरुवातीला ईएक्सटी-४ नवी असताना अगदी हाच बोभाटा झाला होता. उबुंटूची ९.०४ आवृत्ती येऊ घातलेली. लोकांची मशीनं अडकली, बटण दाबून पुन्हा सुरू केली, तर सेटिंगच्या फाइली शून्य बाइट्सच्या. कारण डिलेड ॲलोकेशन. प्रोग्रामने लिहिलेला मजकूर मेमरीतच ठेवायचा, डिस्कवर जागाही नेमायची नाही, सगळं एकत्र साचलं की मग एकदम सलग जागा द्यायची. वेगाला आणि कार्डाच्या आयुष्याला हे उत्तम. पण रोजकीर्द दर पाच सेकंदांनी पक्की होते आणि मजकूर मात्र तीस सेकंदांपर्यंत मेमरीत लोळत राहू शकतो. "फाइल रिकामी केली" हा व्यवहार वहीत चढतो आणि "नवा मजकूर भरला" हा चढायचा राहतो.

ईएक्सटी-४ची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं सरळ होतं. मजकूर डिस्कवर हवा असेल तर प्रोग्रामने एफसिंक करावं (मजकूर आत्ताच डिस्कवर पोचव, असा हुकूम द्यावा), नियमात तसंच आहे. लोकांचं म्हणणंही खोटं नव्हतं, ईएक्सटी-३वर इतकी वर्षं चाललं ना? गंमत अशी की ईएक्सटी-३नेच लोकांना एफसिंकची भीती घातली होती. तिथे एका फाइलला एफसिंक म्हटलं की बाकीच्या फाइलींचाही साचलेला मजकूर बाहेर ढकलला जायचा. २००८मध्ये फायरफॉक्स ३च्या वेळी याच कारणाने लिनक्सवर ब्राउझर मध्येच गोठायचा. एफसिंक टाळण्याची सवय तिथून बळावली.

शेवटी दोन तडजोडी २.६.३० कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आल्या. फाइल रिकामी करून पुन्हा लिहून बंद केली, किंवा तात्पुरती फाइल लिहून जुनीवर रीनेम केली, तर ईएक्सटी-४ स्वतःच मजकुराला लगेच जागा देते. आमचा कर्नल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला आहे आणि ही सोय बंद केलेली नाही. मग आमची फाइल शून्य का?

२० मे

सापडलं. लाज वाटण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दरपत्रकाच्याच फाइलमध्ये मी कधीतरी फॅट मशीनचं करेक्शनही ठेवायला लागलो होतो. वेगळी फाइल कशाला, हा आळस. त्यामुळे ही फाइल महिन्यातून एकदा दर बदलतात तेव्हाच नव्हे, तर दर पाळीला यंत्र सुरू होताना लिहिली जाते. आणि लिहिण्याचा क्रम असा: फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडायची, मग फॅट मशीनला सिरियल केबलवरून करेक्शन विचारायचं, मग सगळं लिहायचं, मग बंद.

'डब्ल्यू'ने उघडली त्या क्षणी फाइल रिकामी होते. लाइट नुकतीच आल्यावर फॅट मशीन स्वतः गरम होत असतं, वीस-पंचवीस सेकंद उत्तरच देत नाही. तेवढ्या वेळात रोजकीर्द चार-पाचदा पक्की होते, म्हणजे रिकामी फाइल डिस्कवर कायमची. नवा मजकूर अजून लिहिलेलाच नाही. लिहिला असता तरी पाच केबीचा तक्ता पायथनच्या स्वतःच्या ८,१९२ बाइट्सच्या बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) बसला असता, कर्नलपर्यंत पोचलाच नसता. २००९ची ती तडजोड फाइल बंद करताना किंवा रीनेम करताना कामाला येते. आम्ही बंद करण्यापर्यंत पोचतच नव्हतो.

आणि वळवाच्या पावसात लाइट कशी जाते? जाते, येते, अर्ध्या मिनिटात परत जाते. म्हणजे आमची खिडकी नेमकी लाइटच्या झटक्यांच्या वेळीच सताड उघडी. इतर दिवशी कुणी महिनाभर शोधलं असतं तरी चूक दिसली नसती.

फाइल सिस्टिमची चूक शून्य. कार्डांचीही. विनाकारण दोन कार्डं फेकली.

२१ मे

अण्णांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "मग इन्व्हर्टर बसवू की." बसवूया, पण गप्पांच्या ओघात कळलं की केंद्रावरचा पोरगा रोज प्रत्येक पाळी संपली की भिंतीवरचं बटण दाबूनच यंत्र बंद करतो. शटडाउन कसं करायचं हे मी पहिल्या दिवशी दाखवलं होतं. एवढी बटणं कोण दाबत बसणार! म्हणजे आमच्यासाठी क्रॅश हा वर्षातून एकदा येणारा अपघात नाही, दिवसातून दोनदा होणारी रीत आहे. इन्व्हर्टर भिंतीच्या बटणापुढे काय करणार?

२४ मे

नवी पद्धत लिहिली. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल, त्यात सगळा मजकूर, पायथनचा बफर फ्लश, मग एफसिंक, मग जुन्या नावावर रीनेम, मग त्या फोल्डरलाही एफसिंक. लाइट कुठेही गेली तरी एकतर अख्खी जुनी फाइल किंवा अख्खी नवी. अधलंमधलं काही नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, मीही गाळायचो. फाइलला एफसिंक केल्याने तिचा मजकूर पक्का होतो, पण "या फोल्डरमध्ये या नावाने ती आहे" ही नोंद फोल्डरची असते. आणि तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी, टेम्प फोल्डरमध्ये ठेवली आणि ते वेगळ्या पार्टिशनवर निघालं तर रीनेम चालतच नाही.

करेक्शन वेगळ्या फाइलमध्ये हलवलं. आधी विचारायचं, उत्तर आलं की मगच फाइलला हात लावायचा.

२७ मे

छळयंत्र तयार झालं. हार्डवेअर बघणाऱ्या सहकाऱ्याने एका जुन्या बोर्डावर रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून दिला. तो आमच्या डब्याची वीज वाटेल त्या क्षणी तोडतो, थोड्या वेळाने परत देतो. डबा चालू असताना खोट्या सभासदांचं खोटं दूध घेत राहतो, आणि नोंद पक्की झाली असं त्याला वाटलं की तिचा क्रमांक सिरियलवरून माझ्या लॅपटॉपला कळवतो. कळवलेला प्रत्येक क्रमांक पुढच्या वेळी कार्डावर सापडलाच पाहिजे. न कळवलेला सापडला तरी चालेल, नाही सापडला तरी चालेल. सगळी परीक्षा एवढ्या एकाच वाक्यावर.

रात्रभर लावून घरी गेलो.

२८ मे

दरपत्रक एकदाही शून्य झालं नाही. नोंदींची फाइल मात्र वाईट. ती साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक नोंद शेवटी जोडायची, एफसिंक नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या नोंदी गेल्या, दोनदा शेवटची ओळ मध्येच तुटलेली. लिटर आहेत, फॅट नाही.

म्हणजे आजवर केंद्रांवर हे होत असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. पावती सभासदाच्या हातात, नोंद आमच्याकडे नाही. दहा दिवसांच्या बिलाला चार-दोन लिटर कमी आले तर माणूस सचिवावर संशय घेतो, यंत्रावर नाही. हा विचार दिवसभर डोक्यातून जात नव्हता.

३० मे

नोंदी एसक्युलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये हलवल्या. वॉल मोड चालू, म्हणजे प्रत्येक बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिला जातो. तिथे सिंक्रोनसची पातळी नॉर्मल ठेवायची की फुल, यावर वाद झाला. वॉल मोडमध्ये नॉर्मल ठेवलं तर डेटाबेस बिघडत नाही, पण वीज गेल्यावर शेवटचे काही व्यवहार मागे जाऊ शकतात, कारण प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) एफसिंक होत नाही. बऱ्याच कामांना ते चालतं. आम्हाला नाही. फुल.

हळू होईल हा आक्षेप टिकला नाही. आमच्या कार्डावर एक कमिट पाव सेकंदाच्या आत उरकतं आणि फॅट मशीन एका नमुन्याला अर्धं-एक मिनिट घेतं.

खरा प्रश्न क्रमाचा. पावती आधी छापायची की नोंद आधी? आजवर छपाई आधी होती, कारण रांगेतल्या माणसाला पावती लवकर मिळते. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "नोंद हाय अन् पावती नाही, तर दुसरी काढून देऊ. पावती हाय अन् नोंद नाही, तर मी तोंड कुठं लपवू?" कमिट आधी, छपाई नंतर. स्क्रीनवर 'शेवटची पावती पुन्हा' असं बटणही दिलं.

३ जून

कोड पुन्हा वाचताना माझंच एक शहाणपण सापडलं: एफसिंकने एरर दिली तर तीनदा पुन्हा प्रयत्न करायचा. वाचायला किती जबाबदार वाटतं! आणि साफ चूक.

२०१८मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना हाच धक्का बसला होता. लिनक्सवर डिस्कने लिहायला नकार दिला की एफसिंक एरर देतो, पण कर्नल मेमरीतलं ते पान 'स्वच्छ' म्हणून खूण करून मोकळा होतो. दुसऱ्यांदा एफसिंक केलं की यश! लिहिलेलं काहीच नाही, पण यश. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं पुन्हा प्रयत्न करण्यावर विसंबून होता. फेब्रुवारी २०१९च्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसला की तो सरळ स्वतःला बंद करतो आणि आपल्या लॉगवरून पुन्हा उभा राहतो.

आमचं लूप काढलं. आता एरर आली की मोठ्या अक्षरात 'नोंद झाली नाही. वहीत लिहा.' असं येतं आणि पावती छापली जात नाही. अण्णांच्या टेबलावर कागदाची वही अजून आहे हे बरंच आहे.

६ जून

रिले वाटेल त्या क्षणी मारतो, पण नेमका वाईट क्षण त्याला सापडेलच असं नाही. म्हणून लॅपटॉपवर दुसरी तऱ्हा करून पाहिली. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये (फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्या मधला थर) लॉग-राइट्स नावाचं एक टार्गेट आहे, कर्नल ४.१पासून. डिस्ककडे जाणारं प्रत्येक लिखाण आणि प्रत्येक फ्लश ते क्रमाने टिपून ठेवतं. नंतर ते टिपण हव्या त्या टप्प्यापर्यंत चालवायचं आणि 'इथे वीज गेली असती तर' कसं दिसलं असतं ते तपासायचं. नशिबावर काही राहत नाही.

याच धर्तीवर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात क्रॅशमंकी नावाचं साधन झालं. त्यांचं निरीक्षण मला फार आवडलं. नव्या कोऱ्या फाइल सिस्टिमवर दोन-तीन क्रियांचे छोटे क्रम पद्धतशीर तपासले तरी जुने बहुतेक बग सापडतात. त्यांना नवे दहा सापडले, बहुतेक बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये. एमआयटीची एफएससीक्यू, म्हणजे क्रॅशमध्ये टिकते हे गणिताने सिद्ध केलेली फाइल सिस्टिम, तिच्यातही त्यांना एक सापडला! सिद्धतेच्या बाहेर राहिलेल्या जोडकामात. कुलूप पक्कं आणि कडी ढिली.

आणि आपणच मूर्ख असं वाटू नये म्हणून: २०१४मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या संशोधकांनी अकरा प्रोग्राम तपासले. त्यात गिट होतं, पोस्टग्रेस होतं, एसक्युलाइट होतं, लेव्हलडीबी होतं. क्रॅशनंतर गोंधळ होऊ शकेल अशा साठ जागा निघाल्या. कुठली जागा दुखेल हे खाली कुठली फाइल सिस्टिम आहे त्यावर ठरतं. एकीवर नीट चालणारा क्रम दुसरीवर उलटतो, कारण नियमात न लिहिलेल्या सवयी प्रत्येकीच्या वेगळ्या.

आमच्या कोडने लॉग-राइट्सची परीक्षा दिली. एक चूक निघाली. पहिल्यांदा डेटाबेस तयार करताना वरचा फोल्डर आम्ही स्वतः बनवतो, त्याच्या पालक फोल्डरला एफसिंक नव्हतं. दुरुस्त.

१२ जून

चार वेगवेगळी कार्डं रिलेखाली. तीन ठीक. चौथ्यावर, एफसिंक यशस्वी होऊन क्रमांक लॅपटॉपला कळवलेला असताना, दोन नोंदी सापडल्या नाहीत. शिवाय महिनाभर कुणी हात न लावलेल्या एका प्रोग्राम फाइलमधले काही बाइट बदललेले.

दुसरी गोष्ट आधी पटत नाही, पण कारण साधं आहे. कार्डाच्या पोटात स्वतःचा एक कंट्रोलर असतो. फ्लॅशचे मोठे ठोकळे एकदम पुसावे लागतात म्हणून तो जुना मजकूर इकडून तिकडे हलवत राहतो. हलवाहलवीत वीज गेली तर त्या वेळी न लिहिलेलाही मजकूर जाऊ शकतो. फाइल सिस्टिमला याचा पत्ताच नसतो. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या २०१३च्या प्रयोगात पंधरा एसएसडींना वीजतोडीचा मार दिला, तेरा कुठे ना कुठे चुकल्या. बिट बदलले, अर्धवट लिखाण झालं, क्रम उलटला, एक तर मेलीच.

इथे कोड काही करू शकत नाही. दोन गोष्टी ठरल्या. प्रोग्राम आणि सिस्टिमचं पार्टिशन रीड-ओन्ली, नोंदींचं वेगळं, म्हणजे हलवाहलवी कमी. आणि बोर्डाच्या आधी सुपरकपॅसिटर, म्हणजे लाइट गेल्यावर काही सेकंद पुरणारा विजेचा साठा. वीज गेल्याची खूण एका पिनवर आली की नव्या नोंदी थांबवायच्या, चालू कमिट पुरं करायचं, कार्डाला उरकायला दोन-तीन सेकंद द्यायचे. भिंतीचं बटण आता खुशाल दाबा.

चौथ्या जातीचं कार्ड यादीतून बाद. पुढच्या प्रत्येक खरेदीतलं एक कार्ड आधी रिलेखाली जाणार.

१४ जून

नवा डबा अण्णांकडे बसवला. चहा. पोराने माझ्यासमोरच बटण दाबून बंद केला आणि माझ्याकडे बघून हसला.

१८ जून

काल संध्याकाळी पाळी चालू असताना लाइट गेली. अण्णांचा फोन आला तेव्हा छातीत धस्स झालं, पण तक्रार वेगळी. एका आजींचं म्हशीचं चार लिटर दूध मोजून झालं होतं, पावती निघायच्या आत अंधार. लाइट आल्यावर यंत्राने नोंद बरोबर दाखवली, लिटर, फॅट, दर, सगळं. 'शेवटची पावती पुन्हा' दाबलं, पावती निघाली. त्यानंतर जी दुधं आली त्यांच्यावर वेळ मात्र दुपारची, दोन वाजून चाळीस मिनिटं. आजी म्हणाल्या, "मी दुपारी झोपलेली हुते की रं."

बोर्डावर बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की तो शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. इंटरनेट आलं की वेळ सुधारते, पण लाइट गेल्यावर तिथला टॉवरही जातो. नोंदींचा अनुक्रम क्रमांक बरोबर आहे, त्यामुळे हिशोब जुळतो, पण दुपारची वेळ पडलेल्या नोंदी बिलात कुठल्या पाळीत धरायच्या ते हाताने ठरवावं लागलं.

घड्याळाची मॉड्यूल आणि त्यांच्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या, वीस-वीस नग, मागवल्या.